बोगद्याच्या तोंडाशी ठेवलेली खुर्ची

माझ्या संशोधनातला सगळ्यात मोलाचा काळ मी एका निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काढला. खुर्ची बोगद्याच्या बाहेर होती आणि संशोधन बोगद्याच्या आत. यात काही विचित्र आहे, असं त्या साइटवर माझ्याखेरीज कुणालाच वाटत नव्हतं. उलट मला खुर्ची दिली, वर सावलीसाठी ताडपत्री बांधली, याचं किती कौतुक. पाहुणीला काही कमी पडू देत नव्हते म्हणे.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. आम्ही नवीन पनवेलातली भाड्याची खोली सोडून विचुंब्याला नव्या इमारतीत राहायला गेलो होतो. पनवेलच्या मागच्या डोंगरातून पाण्यासाठी एक बोगदा निघत होता आणि खडक-अभियांत्रिकीतल्या माझ्या पीएच.डी.साठी तो अगदी दाराशी येऊन उभा राहिला होता. लोक यासाठी हिमालयात जातात. मला डबा भरून, नवऱ्याला ऑफिसला पाठवून, साइटच्या जीपने अर्ध्या तासात पोचता येत होतं. नशीब काढलंस, असं माझे गाइडही म्हणाले होते. नशीब. कप्पाळ माझं.

माझा विषय काय, ते आधी सांगते, नाहीतर ही बाई एवढी का चिडली आहे ते कळायचं नाही. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो एकावर एक थरांनी पसरला आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे एक लाल, विटकरी पट्टा राहून गेला. घाटात कापलेल्या डोंगराकडे बघितलंत तर दिसेल. हा लाल थर मोठा लबाड. ताजा उघडा पडला की विटेसारखा टणक, हातोडा मारला तरी सहज फुटत नाही. बघणारा म्हणतो, चांगला आहे की दगड. पण हवा आणि ओल लागली की त्याचे पापुद्रे सुटायला लागतात आणि थोड्या वेळात नुसत्या हातानं चुरा निघतो. हाच थर बोगद्याच्या छतात आला तर तो किती वेळ तग धरेल, म्हणजे त्याच्याखाली माणसं किती वेळ उभी राहू शकतील, हा माझा प्रश्न होता. सगळं संशोधन या एका ‘किती वेळ’वर उभं होतं.

आणि हे प्रयोगशाळेत बघता येत नाही. नमुना पिशवीत घालून आणेपर्यंतच त्याची माती होते. सुरुंग उडाला, धूर निघून गेला, मोकळे झालेले दगड पाडून घेतले, की बोगद्याचा उघडा पडलेला ताजा चेहरा, ज्याला तिथे सगळे फेस म्हणतात, तो थोडा वेळ दिसतो. मग त्याच्यावर सिमेंटचा फवारा मारतात. एकदा तो बसला की खडक कायमचा झाकला. शिवाय आमच्या बोगद्यात लाल थर एकदाच भेटणार होता. तो किंचित उतरता होता, बोगदा जवळपास सपाट. म्हणजे थर आधी छतात दिसणार, पुढे पुढे खाली सरकत जाणार आणि शेवटी जमिनीखाली गडप होणार. हाताशी जेमतेम काही आठवडे. त्या आठवड्यांत मी फेससमोर उभी असायला हवी होते. बस्स, एवढंच मागणं होतं माझं.

पहिल्याच दिवशी हेल्मेट घालून, गमबूट चढवून निघाले तर साइटचे मुख्य इंजिनिअर आडवे आले. सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही म्हणायची. गोड बोलणारा माणूस, पांढरं हेल्मेट, बारीक कातरलेल्या मिशा. बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याच्या आडोशात देवीची तसबीर होती, रोज कामगारांची पाळी बदलली की तिथे उदबत्ती लागायची. त्या तसबिरीकडे हात करून साहेब म्हणाले, "मॅडम, मला स्वतःला काही नाही हो. पण आत देवी आहे. बाईमाणूस आत गेलं तर लेबर काम टाकून निघून जातं. लेबर ऐकत नाही."

मी वाद घातला नाही असं नाही. देवी बाईच आहे ना, हे म्हणून झालं. मी इंजिनिअर आहे, हे म्हणून झालं. परवानगीची पत्रं दाखवून झाली. प्रत्येक वेळी साहेब मान डोलवायचे, माझं सगळं पटतंय असा चेहरा करायचे आणि शेवटी तेच वाक्य म्हणायचे. लेबर ऐकत नाही. आता लेबर म्हणजे ओरिसा-झारखंडकडची माणसं, घरदार सोडून इथे पत्र्याच्या खोल्यांत राहिलेली. त्यांच्या श्रद्धेवर मी पाय द्यायचा का? त्यांचं काम बंद पाडायचं का? मी चडफडत खुर्चीत जाऊन बसले. मनात त्या माणसांचा राग धरला, हेही खरं.

मग तोडगा निघाला. माझ्या विभागातला एक सहकारी, माझ्याच वयाचा, माझ्याऐवजी आत जाणार आणि मला माहिती आणून देणार. हा भला माणूस, पण त्याला बंद जागेची भीती. खरी भीती. लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटून उभा राहायचा. दर सकाळी तो पांढराफटक होऊन आत जायचा आणि घामानं निथळत बाहेर यायचा. मी विचारायची, थर केवढा जाड होता? तो म्हणायचा, असेल कमरेएवढा. पापुद्रे सुटत होते का? धूळ होती गं, नीट दिसलं नाही. डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो बघावेत तर सगळ्यांत पांढुरका धुरळा आणि मधे कुणाच्या तरी हेल्मेटचा दिवा. नमुन्याच्या पिशवीत लाल भुकटी. मी त्याच्यावर खेकसायची आणि मग मलाच वाईट वाटायचं. ज्याला आत जायचं नव्हतं त्याला ढकलत होते आणि जिला जायचं होतं तिला बसवून ठेवलं होतं. असला उफराटा कारभार.

पण तेवढ्या भुकटीवरून आणि धुरळ्यावरूनही मला एक गोष्ट कळत होती. थर छतात आला होता. आणि साइटची पद्धत अशी होती की दोन-तीन सुरुंग उडवून झाले की मगच फवाऱ्याचं मशीन आत न्यायचं. दर वेळी ने-आण करायची म्हणजे खोळंबा. काळ्या दगडात ते चालून जातं. लाल थरात म्हणजे माणसांना कच्च्या छताखाली उभं करणं झालं. मी साइटच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं. अगदी हात जोडून सांगितलं की एवढा टप्पा तरी प्रत्येक सुरुंगानंतर लगेच झाका.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलावर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही फेस स्वतः पाहिलाय का?"

सगळे हसले. मोठ्याने नाही, सभ्यपणे, खाली बघून. माझा सहकारी बिस्किटांच्या बशीकडे बघत बसला. मला आत सोडायचं नाही, आणि आत पाहिलं नाही म्हणून माझं ऐकायचं नाही. बाहेर बसून उंटावरून शेळ्या हाकणारी बाई, हीच माझी ओळख झाली. त्या दिवशी घरी जाऊन मी भांडी अशी आपटली की नवरा बाहेरच्या खोलीतून उठून आला आणि म्हणाला, विषय बदलून का घेत नाहीस? त्याच्या बोलण्यात माया होती. मला त्याचाही राग आला.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. बोगद्याच्या खालच्या गावातल्या, आगरी, माहेर चिरनेरचं. साइटच्या फाटकापाशी त्यांची चहाची टपरी होती. त्या मला न सांगता चहा आणून द्यायच्या, माझ्या ताडपत्रीखाली टेकायच्या आणि माझी थट्टा करायच्या. शिकून शिकून शेवटी इथंच बसायचं व्हतं तर आमच्या गावात येऊन राह्यची ना, असं काहीतरी. मीही हसायची.

एका दुपारी त्यांची मोठी किटली रिकामी होती आणि साडीच्या काठाला, पार घोट्यापर्यंत, लाल चिखल लागला होता. आमच्याकडच्या मातीचा नाही. तो रंग मी ओळखते, त्यावरच तर आयुष्य घालवत होते. मी विचारलं, मावशी, हे कुठे भरलं? त्या म्हणाल्या, आत. म्हटलं, आत कुठे? त्यांनी बोगद्याकडे मान वळवली.

"मी जाते नं रोज, चा घेऊन. पार टोकाला. आमाला कोन अडवतंय?"

देवीचं काय, मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. देवीला त्याच तर रोज फूल वाहत होत्या. बरं, मग मला का अडवतात? त्यावर त्या जरा ओशाळल्या, पदराशी चाळा करायला लागल्या आणि म्हणाल्या, "तुमाला अडवतात? आमाला तर साहेब बोल्ले, मॅडमना आत भ्या वाटतंय, म्हनून बाहेर बसतात. पोरांनाबी तेच सांगितलंय."

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली. मला सांगायचं, लेबर ऐकत नाही. लेबरला सांगायचं, बाई घाबरते. दोन्हीकडे एकच माणूस बोलणारा आणि मधे आम्ही एकमेकांना कधी काही विचारू नये याची पूर्ण सोय. त्या माणसांवर मी मनातल्या मनात इतके दिवस राग धरला होता आणि ती बिचारी माझी कीव करत होती. आणि रोज एक बाई किटली घेऊन फेसपर्यंत जात होती, तिला कुणी बाईत मोजलंच नव्हतं. चहा आणणारी ती बाई नव्हे. इंजिनिअर झाली की मग मात्र देवीला विटाळ. वा रे सोवळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणालाही विचारलं नाही. मावशींच्या हातातून पेल्यांची जाळी घेतली आणि त्यांच्या मागोमाग चालायला लागले. बोगद्याच्या तोंडाशी बसणाऱ्या रखवालदाराने बघून न बघितल्यासारखं केलं. आत वारा ढकलणाऱ्या पंख्याचा घरघराट, पायाखाली पाणी, कडेने दिवे. वाटेत भेटणारी माणसं बाजूला सरकून वाट देत होती. टोकाला फोरमन उभा होता, झारखंडचा, वयस्क. त्याने मला बघितलं, एक पेला उचलला आणि हिंदीत म्हणाला की बरं झालं मॅडम, भीती गेली तुमची.

आणि समोर तो थर. छतात आडवा, माझ्या कल्पनेपेक्षा जाड, ओलसर, विटकरी. मला रडू आलं, खोटं का सांगू. इतके दिवस ज्याची नुसती भुकटी बघितली तो समोर अख्खा होता. मी मापं घेतली, हातोड्याने ठोकून बघितलं. फेसजवळ ठोकलं की खणखणीत आवाज येत होता. चार पावलं मागे, आदल्या सुरुंगाने उघड्या पडलेल्या भागात, बद्द. तिथून आणखी थोडं मागे गेले आणि बोटं लावली तर पापुद्रे हातात आले. तिथेच खाली दोघे-तिघे चहा पीत बसले होते. मी फोरमनला तो चुरा दाखवला आणि म्हटलं, यांना इथून उठवा, मशीन आणा. त्याने तळहातावर चुरा चोळून बघितला आणि एकच हाक मारली. माणसं उठली, पेले घेऊन मागे आली.

मशीन आणायला माणूस गेला होता तेवढ्यात छत पडलं. फार मोठं नाही. दरवाजाएवढा एक तुकडा, पाठोपाठ माती. आवाजही विशेष नाही, पोतं टाकल्यासारखा. ती माणसं बसली होती बरोबर तिथे. मावशींनी माझा दंड घट्ट धरला होता.

मला वाटलं, आता तरी. आता तरी यांना कळेल, मी काय सांगत होते ते.

साहेब धावत आले. ढीग बघितला, छत बघितलं, मला बघितलं. आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बघितलंत? तुम्ही आत आलात आणि पडलं."

मी आजवर पुष्कळ मूर्खपणा ऐकलाय, पण असा नाही. ज्या छताबद्दल मी मीटिंगमध्ये हात जोडले होते तेच छत पडलं आणि खापर माझ्या पायगुणावर. फोरमन पुढे होऊन म्हणाला की साहेब, मॅडम आल्या नसत्या तर आमची पोरं खाली असती. साहेबांनी त्याला हातानेच गप्प केलं. वर कळवताना त्यांनी काय कळवलं ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी, देवीच्या पत्र्यालाच, नवी पाटी लागली होती. महिलांना आत जाण्यास सक्त मनाई. तोवर जे नुसतं बोलण्यात होतं ते आता रंगवून टांगलं.

आणि त्या पाटीने पहिल्यांदा मावशींना अडवलं. त्या किटली घेऊन गेल्या आणि तोंडाशी बसणाऱ्या रखवालदाराने, नजर चुकवत, पाटी दाखवली. इतके दिवस ज्यांना बाई म्हणून मोजलं नाही त्यांना आता मोजलं. त्या परत येऊन माझ्या शेजारी बसल्या. मी म्हटलं, मावशी, माझ्यामुळे झालं हे. त्या भडकल्या. तुमच्यामुळं कशाला, त्यानंच लावलीय ना पाटी, असं म्हणून त्यांनी साहेबांना ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत, पण मला फार बरं वाटलं.

चहा आत जाईना, तर माणसं चहाला बाहेर यायला लागली. तत्त्वाबित्त्वासाठी नव्हे हं, चहासाठी. सगळी टोळी दर चहाला बोगद्याच्या टोकापासून तोंडापर्यंत चालत यायची, निवांत प्यायची, बिडी ओढायची आणि चालत परत जायची. फोरमन सर्वांत पुढे. कामाचा असा खोळंबा झाला की साहेबांची तारांबळ उडाली. आठवड्याभरात पाटी गेली. कुणी काढली, कधी काढली, अळीमिळी गुपचिळी. मावशी किटली घेऊन पुन्हा आत गेल्या आणि पेल्यांची जाळी घेऊन मीही गेले.

लाल थर जमिनीखाली गेला होता. मागचा सगळा टप्पा राखाडी सिमेंटखाली, पुढे सगळा काळा दगड. मी भिंतीवर हात ठेवून तिथे उभी राहिले. माझ्या हातात उरला तो त्या एका सकाळचा तासभर.

प्रबंधाचा मसुदा वाचताना माझ्या गाइडनी विचारलं, प्रत्यक्ष निरीक्षण एकच का? मी लिहिलं होतं तसं सांगितलं, बाई म्हणून आत सोडलं नाही. त्यांनी ती ओळ लाल पेनाने खोडली आणि वर लिहिलं, ‘साइटवरील मर्यादांमुळे’. प्रबंधात असं लिहायचं नसतं, म्हणाले. मी सांगितलं, सर, त्या मर्यादेला मिशा आहेत. ते हसले. ओळ मात्र त्यांचीच छापली गेली.

पुढे कितीतरी वर्षांनी, मी बरेच बोगदे आतून बघून झाल्यावर, खारघरला एका परिसंवादात साहेब वक्ते म्हणून आले होते. मिशा पांढऱ्या झालेल्या. आमच्याच बोगद्यावर बोलले. लाल थर ताबडतोब झाकला पाहिजे हे आम्ही अनुभवातून शिकलो, असं म्हणाले. आम्ही! श्रोत्यांतून कुणीतरी विचारलं, तो उघडा किती वेळ टिकतो याची काही नोंद आहे का? साहेब खेदाने म्हणाले, दुर्दैवाने त्या टप्प्याची पुरेशी निरीक्षणं झाली नाहीत.

मी उभी राहिले. "झाली नाहीत, कारण निरीक्षण करणारीला तुम्ही आत सोडलं नाहीत."

अध्यक्षांनी वेळेअभावी पुढचा वक्ता बोलावला. चहाच्या वेळी साहेब आपणहून माझ्याजवळ आले, तेच गोड हसू. मॅडम, अजून रागावलात? तेव्हा लेबर ऐकत नव्हतं हो. इतक्या वर्षांनीही तेच वाक्य, त्याच सुरात. मी म्हटलं, लेबरने मला वाट दिली होती, पाटी तुम्ही लावलीत. त्यांनी कप ठेवला आणि कुणीतरी ओळखीचं दिसल्यासारखं करून निघून गेले.

माझ्या पलीकडे एक तरुण मुलगी उभी होती, गळ्यात परिसंवादाचं कार्ड, नुकतीच एका बोगद्यावर इंजिनिअर म्हणून लागलेली. तिने सगळं ऐकलं होतं. हळूच म्हणाली, मॅडम, मला पण आत सोडत नाहीत. लेबर ऐकत नाही म्हणतात.

मी विचारलं, "लेबरला विचारलंस?"

नाही, म्हणाली.

"उद्या सकाळी विचारू. मी येते बरोबर."